पानं उतरवून घेणारा चित्रकार

१८८९च्या वसंतात क्लोद मोने मध्य फ्रान्समधल्या क्रूझ नदीच्या खोऱ्यात एका निष्पर्ण ओकचं चित्र रंगवत होता. पावसानं काम रखडलं आणि मे उजाडताच झाडाला पालवी फुटली. चित्र बदलण्याऐवजी मोनेनं झाड बदललं! मालकाला पैसे देऊ केले, माणसं लावली आणि पानं उतरवून घेतली.

निसर्ग दिसेल तसा टिपणारा म्हणून ज्याची ख्याती, त्याचा हा हट्ट.

ल हाव्र बंदरात व्यंगचित्रं विकणाऱ्या या पोराला उघड्यावर रंगवायला शिकवलं ते यूजेन बुदँनं. तोवर जॉन रँडची दाबून रंग काढायची धातूची ट्यूब आली होती (पेटंट १८४१चं), त्यामुळे तैलरंग बाहेर नेणं सोपं झालं होतं. पण मोनेला सोपं कुठे हवं होतं? १८६६मध्ये त्यानं अडीच मीटरहून उंच कॅनव्हास बागेत उभा केला. वरचा भाग रंगवताना कॅनव्हास खाली सरकवता यावा म्हणून त्यानं जमिनीत चर खणला आणि कप्पी लावली. पुढच्याच वर्षी पॅरिसच्या सालों या प्रदर्शनानं ते चित्र नाकारलं. १८८५मध्ये एत्रताच्या किनाऱ्यावर भरतीचा अंदाज चुकला. लाटेनं त्याला कड्यावर आपटलं आणि ईझल, रंग सगळं ओढून नेलं.

जिव्हेर्नी या आपल्या गावातल्या गंजी रंगवताना तो एकाच वेळी अनेक कॅनव्हास हाताशी ठेवी. उजेड पालटला की पहिला बाजूला, दुसरा पुढे. १८९१मध्ये तो रंगवत असलेल्या लिमेत्सच्या पॉप्लरांचा लिलाव निघाला, तेव्हा झाडं आणखी काही महिने उभी राहावीत म्हणून त्यानं लाकडाच्या व्यापाऱ्याला पैसे मोजले. पॉप्लरांच्या एका चित्रातला उजेड जेमतेम सात मिनिटं टिकायचा, अशी आठवण त्याची शेजारीण, चित्रकार लिला कॅबट पेरी हिनं नोंदवली आहे.

एवढी यातायात करणारा माणूस चित्र जागेवरच संपवत असेल, असं वाटतं. १८८०मध्ये भेटायला आलेल्या पत्रकाराला त्यानं ऐटीत सांगितलंही होतं, की आपल्याला स्टुडिओच नाही. ही ऐट थोडी फसवी होती. लंडनची धुक्यातली चित्रं त्यानं १८९९ ते १९०१ दरम्यान तिथे सुरू केली, पण जिव्हेर्नीच्या स्टुडिओत वर्षानुवर्षं घोळवली. त्यांतली ३७ अखेर १९०४मध्ये पॅरिसला मांडली. पहिल्या महायुद्धाच्या काळात तर दोन मीटर उंच कमलचित्रांसाठी त्यानं घराजवळ काचेच्या छताचा अवाढव्य स्टुडिओ बांधला. ती इमारत त्याची त्यालाच कुरूप वाटे. तरी १९२६मध्ये मरेपर्यंत ती चित्रं त्यानं हातची सोडली नाहीत. पुढच्या वर्षी ती पॅरिसच्या ऑरांजरी संग्रहालयात लागली.