बियाणें आणि दाणे

अर्थशास्त्र हा शब्द कानीं पडतांच सामान्य गृहस्थाच्या डोळ्यांपुढें सरकारी अंदाजपत्रकें आणि हुंडणावळीचे दर उभे राहतात, आणि हें शास्त्र आपल्या माजघरांत कधीं येणारच नाहीं, अशी त्याची समजूत होऊन बसते. ती समजूत किती चुकीची आहे, हें आम्हांस मुळशी तालुक्यांतील एका विद्यार्थ्यामुळें नव्यानें उमगलें. म्हणून त्याची हकीकत वाचकांपुढें ठेवीत आहों.

हा मुलगा वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षांत शिकतो. आमचा जन्म संस्कृत शिकविण्यांत गेला. परंतु ‘गुरुजी, पुस्तकांतले निम्मे शब्द संस्कृतच आहेत, तेवढे उलगडून सांगा,’ असें म्हणून तो आमच्याकडे येऊं लागला. एके दिवशीं त्यानें विचारलें, ‘भांडवल आणि उत्पन्न यांत नेमका भेद काय?’ पुस्तकांतली व्याख्या त्याला तोंडपाठ होती. मग पुन्हां कां विचारतोस, असें म्हणतां तो क्षणभर गप्प राहिला. त्याच्या घरचा जमिनीचा एक तुकडा गेल्या वर्षीं विकला गेला होता. आलेले ५० लक्ष रुपये बँकेच्या बचत खात्यांत पडून होते. चुलत्यांना मोटार हवी होती, बहिणीचें लग्न ठरत होतें, आणि घरांत रोज वाद होत होता. वडील त्याला म्हणाले होते, ‘तूं शिकतोस ना? मग तूंच सांग, काय करायचें.’

प्रश्न पुस्तकी नव्हता. आम्हीं त्याला उलट विचारलें, ‘तुमची जुनी शेतें कोठें होतीं?’ तो म्हणाला, ‘धरणाच्या पाण्याखालीं. पणजोबांना पैसे मिळाले होते, असें आजी सांगते.’ ‘त्या पैशांचें काय झालें?’ हें मात्र त्याच्या घरांत कोणासही सांगतां आलें नाहीं.

येथें थोडा इतिहास सांगणें अवश्य आहे. नीला आणि मुळा या नद्यांच्या संगमावर धरण बांधून तें पाणी कोंकणांत भिऱ्याच्या वीजघराकडे उतरवावें आणि मुंबईस वीज द्यावी, अशी टाटा कंपनीची योजना होती. तिच्यांत सुमारें ५० गांवें बुडणार होतीं, आणि तीं आंबेमोहोर पिकविणारीं गांवें होतीं. १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीच्या दिवशीं, मावळ्यांनीं सत्याग्रह आरंभिला. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा. पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते याच लढ्यांत. १९२४ पर्यंत हा लढा मावळला आणि पुढें धरण उभें राहिलें.

या कथेची एक बाजू आपण पांढरपेशे लोक फारशी बोलत नाहीं. त्या जमिनींपैकीं पुष्कळशा पुण्याच्या सावकारांकडे गेलेल्या होत्या, आणि त्या सावकारांत आपलीच माणसें होतीं. सावकाराच्या दृष्टीनें जमीन आणि रोकड हीं एकाच मालाचीं दोन रूपें. म्हणून चांगला मोबदला मिळत असेल तर तो घ्यावा, असा त्याचा कल होता. कसणाऱ्यास तसें वाटत नव्हतें, आणि अर्थशास्त्रदृष्ट्या त्याचेंच म्हणणें अधिक खोल होतें. जमीन त्याला दरसाल भात देई आणि दुसऱ्या वर्षीं पुन्हां तितकीच शिल्लक राही. रोकड हातीं आली, तर ती कशी राखावी हें त्याला कोणीं शिकविलें नव्हतें.

त्या वेळीं लागू असलेल्या १८९४ च्या भूसंपादन कायद्यानें बाजारभावावर शेंकडा १५ अधिक देण्याची तरतूद होती. २०१३ च्या कायद्यानें हीच भर शेंकडा १०० झाली. मोबदला वाढला, हें चांगलेंच झालें. पण मिळालेला पैसा राखावा कसा, हें कायदा शिकवीत नाहीं. हिंजवडी याच तालुक्यांत आहे. गेल्या शतकाच्या अखेरीस तेथें माहिती तंत्रज्ञानाचे उद्योग येऊं लागले, भोंवतालच्या जमिनींना सोन्याचा भाव आला, आणि पुणें जिल्ह्याच्या बोलींत ‘गुंठामंत्री’ हा शब्द रूढ झाला. हंसण्यासारखा शब्द आहे. पण त्याच्यामागें किती घरांचें बियाणें खाल्लें गेलें, याचा विचार केला कीं हंसूं मावळतें.

बियाणें हा शब्द आम्हीं मुद्दाम वापरला. त्या मुलाला आम्हीं विचारलें, ‘भाताचीं पोतीं घरांत आलीं कीं आजी पहिल्यानें काय करी?’ तो तत्काळ म्हणाला, ‘बियाणें वेगळें काढी. कितीही ओढ लागली तरी त्याला हात लावीत नसे.’ आम्हीं म्हटलें, ‘तेंच भांडवल. उरलेले दाणे तें उत्पन्न. तुझ्या आजीला जें ठाऊक आहे, तेंच तुझ्या पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणांत आहे.’

मग आम्हीं वही उघडली. ५० लक्ष रुपये शेंकडा ७ व्याजानें ठेवले तर वर्षास ३॥ लक्ष येतात. मुलाचा चेहरा उजळला. पण आम्हीं पुढें विचारलें, ‘कणगींतल्या बियाण्यास उंदीर लागतात कीं नाहीं?’ पैशाच्या बियाण्यास लागणारा उंदीर म्हणजे महागाई. भाव दरसाल शेंकडा ५ नें वाढत असतील, तर आजच्या ५० लक्षांची खरेदीची शक्ति कायम राखण्यास वर्षअखेर त्यांत २॥ लक्ष परत घालावे लागतात. खर्चावयास उरला तो १ लक्ष, आणि प्राप्तिकर लागत असेल तर त्याहूनही कमी. भावांच्या वाढीच्या दरानें ७२ ला भागावें, म्हणजे किती वर्षांत किंमती दुप्पट होतील तें कळतें. ५ नें भागल्यास साडेचौदा वर्षांच्या आंतच. मुलगा बराच वेळ त्या आंकड्याकडे पाहत राहिला. ‘गुरुजी, म्हणजे पन्नास लाख हे पन्नास लाख नव्हेतच,’ तो म्हणाला.

मग राखावें कसें? यासाठीं एकच जादूचा मंत्र नाहीं. सारें एका ठिकाणीं ठेवूं नये, हा पहिला नियम. एका बँकेंत एका ठेवीदाराच्या व्याजासह ५ लक्ष रुपयांपर्यंतच्याच ठेवींस विम्याचें संरक्षण आहे. २०२० पूर्वीं तें १ लक्षापुरतेंच होतें. कांहीं रक्कम सुरक्षित ठेवींत, कांहीं महागाईच्या पुढें धांवूं शकेल अशा मालमत्तेंत, आणि कांहीं अडीअडचणीस हाताशीं असावी. आणि ज्या लाभाचें स्पष्टीकरण देणाऱ्यास करतां येत नाहीं, त्या लाभाच्या वाटेस जाऊं नये.

याहून निराळी वाटही पुणें जिल्ह्यांतच सांपडते. हडपसरच्या शंभराहून अधिक शेतकरी कुटुंबांनीं आपली ४०० एकरांहून अधिक जमीन विकली नाहीं, एकत्र केली. जमिनीच्या प्रमाणांत कंपनीचे भाग घेऊन त्यांनीं मगरपट्टा हें उपनगर उभारलें, आणि ते मालकच राहिले. प्रत्येक गांवास हें साधेल असें नव्हे. पण जमिनीचें रूप बदललें तरी बियाणें बियाणेंच ठेवतां येतें, हें त्यावरून सिद्ध होतें.

कौटिल्यानें दंडनीतीचीं चार कार्यें सांगितलीं आहेत: न मिळालेलें मिळविणें, मिळालेलें राखणें, राखलेलें वाढविणें आणि वाढलेलें योग्य ठिकाणीं वेंचणें. आपण मुलांस पहिलें शिकवितों, आणि चौथें तीं आपोआप शिकतात. मधलीं दोन मात्र कोणींच शिकवीत नाहीं. पुण्यांतले वडिलार्जित वाडे विकून सदनिका आणि रोकड घेणाऱ्या आमच्या वाचकांनींही आपल्या वहीकडे एकदां याच दृष्टीनें पाहावें.

पंधरा दिवसांनीं मुलगा पुन्हां आला. मोटार घ्यावयाची ठरली होती, पण लहान, आणि जुनी. बहिणीच्या लग्नाचा खर्च निम्म्यावर आणण्यास वडील कबूल झाले होते. बाकीच्या रकमेचे चार भाग करून त्यानें वहींत लिहिले होते, आणि वहीच्या पहिल्या पानावर आजीनें सांगितलेला मजकूर होता: पणजोबांस मिळालेले पैसे, सावकाराचें देणें, एक बैलजोडी, दोन लग्नें. रकमा आजीस आठवल्या नाहींत, म्हणून त्यांची जागा त्यानें मोकळी ठेवली होती.