तुमचं नाव कुणी ठेवलं?

मुलांनो, शाळेत रोज हजेरी होते. तुमचं नाव आलं की तुम्ही 'हजर' म्हणता आणि विसरून जाता. पण आमच्या चौथीच्या वर्गात एक मुलगा होता, तो नाव पुकारलं की मान खाली घालायचा. त्याचं नाव धोंडीराम. मागच्या बाकावरून हळूच 'धोंडा, धोंडा' असं ऐकू यायचं. एके दिवशी मधल्या सुट्टीत तो माझ्याजवळ आला नि म्हणाला, "बाई, दाखल्यावरचं नाव बदलता येतं का हो?"

"येतं की. पण आधी घरी विचारून ये, हे नाव का ठेवलं ते," मी म्हटलं. आणि त्या दिवशी सगळ्या वर्गालाच तो गृहपाठ दिला.

दुसऱ्या दिवशी कोण गडबड! जो तो हात वर करतोय. मल्हारी हा खंडोबाच्या नवसाचा. पांडुरंगाचे आजोबा वारकरी. रहीमने सांगितलं, "माझं पूर्ण नाव अब्दुल रहीम. म्हणजे दयाळू परमेश्वराचा सेवक." मग मी फळ्यावर 'रामदास' लिहिलं. रामाचा दास! दोन्ही नावांची बांधणी एकच, आहे की नाही गंमत? देवदत्त, खुदाबक्ष आणि ख्रिस्ती लोकांतलं थिओडोर, या तिन्ही नावांचा अर्थही एकच आहे : देवाने दिलेला.

शिवाजी महाराजांच्या वडिलांचं नाव शहाजी आणि काकांचं शरीफजी. मालोजीराजांना मूल होत नव्हतं, म्हणून त्यांनी शाह शरीफ या पिराला नवस केला आणि मुलांना त्याचंच नाव दिलं, असं परमानंदांच्या 'शिवभारत' ग्रंथात सांगितलं आहे.

धोंडीराम मात्र गप्प होता. वर्ग सुटल्यावर त्याने हळूच सांगितलं, "बाई, माझ्या आधी आईला दोन बाळं झाली होती. ती राहिली नाहीत. म्हणून आजीनं माझं नाव धोंडीराम ठेवलं."

मला एकदम काही बोलताच येईना.

पूर्वी घरोघरी लहान मुलं दगावत. देवी नावाचा भयंकर रोग होता. तो देवीचा कोप समजत, म्हणून रोगाचं नावच देवी पडलं! लोकांना वाटे, छान नाव ठेवलं तर बाळाला दृष्ट लागेल. म्हणून मुद्दाम दगडू, धोंडू, कचरू अशी नावं ठेवत. भिकू म्हणजे भीक मागून आणलेला, आपला नव्हेच! मृत्यूने फसावं आणि बाळाकडे बघूच नये, यासाठी ही सारी धडपड. नावाने रोग टळत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. देवी हटल्या त्या लसीमुळे. १९८० साली सारं जग देवीमुक्त झाल्याचं जाहीर झालं. पण ज्या माउलीकडे लस नव्हती, तिच्याकडे एक नावच तर होतं!

याच समजुतीची दुसरी बाजू मात्र मला अजिबात आवडत नाही. मुलींवर मुली झाल्या की 'नकुशी' नाव ठेवायचं, म्हणजे पुढचा मुलगा होतो म्हणे! नकुशी म्हणजे नको असलेली. सांगा, कुणाला आवडेल रोज अशी हाक ऐकायला? २०११ साली सातारा जिल्ह्यात एका कार्यक्रमात अशा २८५ मुलींना नवी नावं देण्यात आली. धोंडू आणि नकुशी ही दोन्ही नावं श्रद्धेतूनच आली. पण एकात 'तू राहा' म्हटलंय आणि दुसऱ्यात 'तू नको'. पालकहो, हा फरक मुलांना जरूर समजावून सांगा.

पुढच्या आठवड्यात मी वर्गात महर्षी कर्वे यांची गोष्ट सांगितली. १९१६ साली महिला विद्यापीठ काढणारे, १९५८ साली भारतरत्न मिळालेले कर्वे. त्यांचं नाव विचारलं तर कुणालाच येईना. मी फळ्यावर लिहिलं : धोंडो केशव कर्वे. मागचे बाक एकदम चूप!

धोंडीरामने पुन्हा नाव बदलायचं काढलं नाही. म्हणजे अगदीच आवडायला लागलं असंही नाही हं! वहीवर कधीकधी तो नुसतं 'राम' लिहायचा. मी खोडत नसे. पण हजेरीला मात्र मान वर करून 'हजर' म्हणायचा.