बाळाची खुर्ची आणि मोटारीचा पट्टा

मोटारीच्या प्रवासात तान्ह्या मुलाला आईच्या मांडीइतकी निर्धोक जागा दुसरी नाही, ही जी समजूत आपल्या घराघरांत आजही निःशंकपणे नांदते आहे, तिचा उगम वात्सल्यात असला तरी तिचा निवाडा मात्र गणिताकडेच न्यावा लागतो, आणि गणित येथे फार निष्ठुर आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाने चाललेली मोटार एकदशांश सेकंदात थांबली, तर आतल्या प्रत्येक देहावर त्याच्या वजनाच्या सुमारे १४ पट जोर येतो. म्हणजे १० किलो वजनाचे वर्षाचे मूल धरून बसलेल्या हातांवर एकाएकी १४० किलोंचे ओझे येऊन पडते. ते पेलणारी माता अजून जन्माला यायची आहे. मुलाला मांडीवर घेऊन दोघांभोवती एकच पट्टा आवळण्याची युक्ती काही मंडळी योजतात. ती तर याहूनही घातक, कारण धडकेच्या वेळी आईच्या देहाचा सारा भार पुढे झेपावतो आणि पट्टा व आई यांच्यामध्ये सापडते ते मूलच.

कायद्याने या बाबतीत आपले काम केले आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने १४ वर्षांखालील मुलाला पट्ट्याशिवाय किंवा बालआसनाशिवाय नेणाऱ्यास १००० रुपये दंडाची तरतूद झाली. त्या कलमाखाली पावती फाडलेली निदान माझ्या तरी पाहण्यात नाही. तरीही नव्या पिढीतले आईबाप हौसेने, आणि बहुधा काळजीनेही, ‘कार सीट’ विकत आणतात. अडते ते पुढेच. आसन मागच्या बाकावर ठेवावे, पट्टा जिकडून सुचेल तिकडून ओवावा, बकलाचा खट्‌ असा आवाज ऐकावा आणि निश्चिंत व्हावे, एवढ्यावर पुष्कळांचा बंदोबस्त संपतो. पण असे आसन हाताने हलवून पाहिले तर ते चार-चार बोटे डुलते, आणि जे उभ्या मोटारीत डुलते ते धडकेत काय करील याची कल्पना करण्यास फार मोठी प्रतिभा लागत नाही.

मोटारीतला जो तीनबिंदू पट्टा आज सर्वत्र दिसतो, तो व्होल्वो कंपनीतील निल्स बोलिन या अभियंत्याने १९५९ साली सिद्ध केला, तो प्रौढ माणसाच्या देहाचा विचार करून. त्याचा खालचा भाग कमरेच्या मजबूत हाडांवर आणि तिरका भाग खांदा व छाती यांवर टेकतो. लहान मुलाची कमरेची हाडे कोवळी व लहान. तिथे तोच पट्टा सरकून पोटावर चढतो आणि वरचा भाग गळ्याशी येतो. म्हणून मध्ये आसनाची योजना करावी लागते. पट्टा आसनाला धरतो, आसनाचे स्वतःचे बंद मुलाला धरतात, आणि या साखळीतली पहिली कडी सैल राहिली तर दुसरी कितीही घट्ट असून उपयोग नसतो. आसनाचे तोंड मोटारीच्या मागच्या दिशेला असावे, हा विचार स्वीडनमधील बर्टिल आल्डमन या वैद्याने १९६०च्या दशकात पुढे आणला. अंतराळवीर उड्डाणाच्या वेळी पाठीवर भार घेत बसतात, त्यावरून त्यांना ही कल्पना सुचली. अर्भकाचे डोके देहाच्या मानाने मोठे व जड असते आणि मान दुबळी. समोरून धडक बसली की पाठमोऱ्या आसनाची सबंध पाठ डोके, मान व पाठ यांना एकदम झेलते. निदान १५ महिन्यांपर्यंत, आणि आसनाच्या मर्यादेत बसत असेल तर त्यानंतरही, मूल पाठमोरे ठेवावे.

आता पट्ट्याच्या स्वभावाकडे वळू. सगळी मेख तिथेच आहे. हळू ओढला तर पट्टा सहज बाहेर येतो, हिसका दिला तर जागच्या जागी अडकतो. खांबाच्या पोटातील गुंडाळीत गोळीची किंवा लोलकाची एक छोटी योजना असते. मोटारीचा वेग एकाएकी मंदावला की ती कलंडते आणि गुंडाळीचे दाते अडवते. प्रौढाला ही मुभा सोयीची, कारण त्याला वाकता येते, मागे वळून पाहता येते. आसनाला मात्र हीच मुभा बाधते: प्रत्येक वळणावर, प्रत्येक खड्ड्यात ते थोडे थोडे सरकते, पट्टा तेवढाच सैल होतो, आणि पुण्याहून कोल्हापूरला पोचेपर्यंत सकाळी घट्ट बसवलेले आसन सैल झालेले असते. यावर उपाय दोन. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या मोटारींत पट्टा पूर्ण बाहेर ओढला की गुंडाळीची चाल बदलते आणि मग तो फक्त आत जातो, बाहेर येत नाही. आपल्याकडच्या बहुसंख्य मोटारींत ही सोय नसते. तिथे आसनालाच पट्टा आवळून धरणारा एक चिमटा असतो, आणि तो लावायचा राहून जाणे ही नेहमीची हयगय होय.

बसवण्याची रीत अशी. पट्ट्याचा मार्ग आसनावर रंगाने दाखवलेला असतो. पुष्कळ आसनांवर पाठमोऱ्या बैठकीसाठी निळा आणि समोर तोंड करून बसण्यासाठी तांबडा. पट्टा त्याच मार्गाने, कुठेही पीळ न पडू देता, न्यावा व बकल लावावे. मग, पूर्वी आगगाडीच्या प्रवासाला निघताना होल्डॉलवर गुडघा रोवून पट्टे आवळीत, तसा आसनावर हाताचा किंवा गुडघ्याचा भार देऊन तिरका पट्टा वरच्या अंगाने ओढावा, कमरेच्या भागातली सारी ढील त्यातून काढून घ्यावी, आणि भार न सोडताच चिमटा बंद करावा. खातरजमेसाठी आसनाला वरून हलवू नये. पट्टा जिथून जातो तिथेच धरून डावी-उजवीकडे व मागे-पुढे हलवावे. तिथे ते अडीच सेंटीमीटरहून, म्हणजे इंचाहून, अधिक सरकता कामा नये. बकल नेमके आसनाच्या कडेवर येऊन वाकत असेल तर ती जागा त्या आसनाला मानवत नाही असे समजावे. समोर तोंड असलेल्या आसनाला वरचा टेथर पट्टा असल्यास तोही लावावा, म्हणजे धडकेत डोके कमी पुढे जाते. आसन थेट अडकवण्यासाठी आयसोफिक्स नावाच्या पोलादी कड्या असलेल्या मोटारीत हा खटाटोप वाचतो, हे खरे. पण नीट आवळलेला पट्टा त्यापेक्षा उणा नसतो.

पुढच्या बाकावर, एअरबॅग चालू असताना, पाठमोरे आसन कदापि ठेवू नये. ती पिशवी डोळ्याचे पाते लवण्यापूर्वी फुगते आणि आसनाच्या पाठीवर, म्हणजे बाळाच्या डोक्यामागेच, आदळते.

आपल्या घरांत आणखी एक अडचण उद्भवते, ती दुपट्याची. बाळंतिणीला घरी आणताना बाळ दुपट्यात घट्ट गुंडाळलेले असते, आणि दुपटे सोडायला घरातली वडीलधारी मंडळी नाखूश असतात. पण पायांमधून जाणारा बंद गुंडाळलेल्या बाळाला लागणार कसा? दुपटे सोडावे, बंद खांद्यांवरून इतके आवळावेत की त्यांची चुणी चिमटीत येऊ नये, आणि मग तेच दुपटे वरून पांघरावे. जाड स्वेटरचीही गत तीच. बाळाखाली मऊपणासाठी उशी किंवा घडी केलेली शाल घालण्याचा मोह आवरावा, कारण धडकेत ती दबते आणि तेवढीच ढील उत्पन्न होते. उन्हात उभ्या राहिलेल्या मोटारीतील बकल आधी आपल्या हाताला लावून पाहावे.

ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या ‘भारत एनकॅप’ या मोटारींच्या धडक-चाचण्यांत बालसुरक्षेचे गुण वेगळे दिले जातात, आणि दीड व तीन वर्षांच्या मुलांच्या पुतळ्यांवर त्या घेतल्या जातात. जाहिरातीत या चाचण्यांचे तारे पाहणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे, की ते नीट बसवलेल्या आसनाने मिळवलेले असतात.

जुन्या मोटारींत मागच्या बाकाच्या मधल्या जागेला नुसता कमरेचा पट्टा असतो आणि पुष्कळ आसनांना तो चालत नाही; काही मोटारींत पट्टा आखूड पडतो, कारण पाठमोऱ्या आसनाच्या पाठीला वळसा घालण्यातच त्याची बरीच लांबी खर्ची पडते. म्हणून पैसे मोजण्यापूर्वी दुकानातले आसन खाली आपल्या मोटारीपर्यंत नेऊन, आपल्याच पट्ट्याने बसवून पाहण्याची मुभा मागावी. आणि दुकानदाराने त्यास हरकत घेतली तर दुसरे दुकान गाठावे.