आळें केव्हां फोडावें?

पंचांगानें वसंत ऋतूची जागा चैत्र-वैशाखांत नेमून दिलेली आहे, आणि बागेचा नाद असलेलीं आमच्यासारखीं माणसें त्या दोन महिन्यांचा ठराविक क्रम मनांत धरून बसलेलीं असतात. पाडव्याला कडुनिंबाचा फुलोरा, चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला मोगऱ्याच्या कळ्या आणि डाळीसाठीं घरची कैरी, अक्षय्यतृतीयेनंतर आळ्यांना सकाळ-संध्याकाळ पाणी; मग मृगाची पहिली सर पडली कीं सर्व आळीं फोडून मोकळें व्हावयाचें, हा आमच्या घरचा परिपाठ. सन २०२५ च्या वसंतानें तो पार मोडून टाकला. त्या धांदलींत आमच्या हातून जी एक चूक झाली, ती वाचकांपुढें मांडावी एवढाच या लेखाचा हेतु.

आमच्या पुण्याच्या घरामागें जेमतेम गुंठाभर परस आहे. त्यांत एक आंबा, एक कढीनिंब, मोगऱ्याचीं तीन झुडुपें, ऋतुमानाप्रमाणें थोडा भाजीपाला आणि कागदी लिंबाचीं दोन झाडें. त्यांपैकीं न्हाणीघराजवळची लिंबोणी आमच्या आत्यांनीं शाळेंतून सेवानिवृत्त झाल्या त्या वर्षीं स्वतः खड्डा खणून लावलेली. घरचें लिंबाचें लोणचें तेव्हांपासून तिच्याच फळांचें. दुसरी लिंबोणी कुंपणाशीं, एका उंचवट्यावर, आपोआप उगवलेली. तिची विचारपूस सहसा कोणी करीत नाहीं. पाण्याची नळी तेथवर पोंचत नाहीं, हें त्याचें खरें कारण.

हवेची लहर माघांतच दिसूं लागली होती. हवामानखात्याच्या १९०१ पासूनच्या नोंदींत इतका उष्ण फेब्रुवारी देशांत झाला नव्हता. कोथिंबीर वीतभर होण्यापूर्वींच फुलोऱ्यास आली. आंब्याचा मोहोर चांगला होता, पण वाटाण्याएवढ्या कैऱ्यांचा सडा रोज सकाळीं खालीं पडूं लागला. लिंबोणीचें तेंच. चैत्रांत तर पुण्याचा पारा चाळिशी ओलांडून गेला. दुपारीं तिचीं पानें द्रोणासारखीं वळलेलीं पाहून आत्या खिडकींतून उठेनात. आणि मग आम्हीं कंबर कसली.

लिंबाच्या जातीच्या झाडाला दुहेरी आळें करावें, असें जाणते लोक सांगतात. खोडाभोवतीं मातीचा उंचवटा, त्याच्या बाहेरून गोल चर, आणि पाणी काय तें त्या चरांत. पाणी ओढणारीं बारीक मुळें फांद्यांच्या घेराखालीं पसरलेलीं असतात. खोडाला पाण्याची गरज नसते, उलट तें कोरडें राहिलेलें बरें. हें आम्हांस ठाऊक नव्हतें असें नाहीं. पण उन्हाच्या त्या तडाख्यांत धीर सुटला. खोडाजवळचा उंचवटा काढून टाकून आम्हीं हातभर खोलीचें एकच मोठें आळें केलें, त्याचा कांठ चांगला चोपून बळकट केला, आणि वर उंसाच्या पाचटाचा जाड थर अगदीं खोडाला भिडवून पसरला. आठ दिवसांत झाड टवटवीत दिसूं लागलें. आमची छाती फुगली. आलेल्या-गेलेल्यास तें आळें दाखविण्यांत आला नसेल एवढा आनंद आम्हांस परीक्षा पास झाल्यावरही आला नव्हता.

मेच्या तिसऱ्या आठवड्यांत वळवाचा पाऊस आला आणि तो जाण्याचें नांव घेईना. ढगांचा गडगडाट, अर्ध्या तासांत अंगणाचें तळें, आणि दुसऱ्या दिवशीं पुनः तेंच. आमच्याकडे महिन्यांतून दोनदां काम करावयास येणारे माळीबुवा आळ्याजवळ उभे राहून म्हणाले, “दादा, औंदा मिरगाची वाट बघूं नका. आळीं फोडून टाका.”

“अहो, मृगाला अजून पंधरा दिवस आहेत. मध्यें ऊन तापलें म्हणजे?”

“तापलं तर फिरून बांधूं. माती कुठं पळती का?”

याला उत्तर नव्हतें. पण एवढ्या मेहनतीनें केलेलें आळें फोडण्यास आमचा हात होईना. वास्तविक वेधशाळेनेंही बजावलें होतें. हवामानखात्याची कचेरी १९२८ सालीं सिमल्याहून पुण्यास आली, म्हणून तिच्या इमारतीस पुणेकर अजून ‘शिमला ऑफिस’ म्हणतात. त्या ऑफिसच्या इतक्या जवळ राहून आम्ही भरंवसा ठेवला तो मृगावर! मोसमी पाऊस केरळांत २७ मेच्या सुमारास येईल, असें खात्यानें मेच्या पूर्वार्धांतच कळविलें होतें. तो २४ तारखेसच आला, आणि २६ तारखेस मुंबईपुण्यापर्यंत पोंचला. मुंबईस त्याची नेहमींची तारीख ११ जून. म्हणजे वैशाख संपण्यापूर्वींच वर्षाऋतु दारांत येऊन उभा! देशांत १९०१ पासून कोणत्याही मे महिन्यांत झाला नव्हता एवढा पाऊस त्या मे महिन्यांत झाला.

आळें कांठोकांठ भरलें. आमची जमीन काळी. पाणी वर चार-चार दिवस तसेंच उभें. मातीच्या कणांमधल्या पोकळींत जी हवा असते तीवर मुळें श्वास घेतात; तेथें पाणी भरलें कीं तीं गुदमरतात आणि कुजूं लागतात. यांतील फसवी गोष्ट ही कीं, मुळें कुजलेल्या झाडाचीं पानें तहानलेल्या झाडासारखींच मलूल होतात. जूनच्या आरंभीं दोन दिवस उघाड पडली, पानें पिवळीं पडून माना टाकलेलीं दिसलीं, आणि आम्ही बादली भरून निघालोंच होतों! आत्यांनीं ओरडून थांबविलें, “अरे, बुंधा तरी बघ आधीं!”

पाचट बाजूस सारलें, तों जमिनीलगत खोडाची साल काळपट व मऊ झालेली, आणि तींतून मधासारखा डिंक ठिबकत असलेला. यालाच बागाईतदार डिंक्या म्हणतात. मातींतली एक बुरशी ओल्या सालींतून आंत शिरते, आणि खोड वेढून टाकते.

आळें तेव्हां फोडलें. पाणी जाण्यासाठीं कुंपणापर्यंत चर खणला, बुंधा मोकळा केला, धारदार चाकूनें कुजकी साल निरोगी भाग लागेपर्यंत खरवडली, आणि वर बोर्डो मलम लाविलें. तें घरीं करतां येतें: एक किलो मोरचूद पांच लिटर पाण्यांत, एक किलो कळीचा चुना निराळ्या पांच लिटरांत, आणि गार झाल्यावर दोन्ही एकत्र. घरापुरतें करावयाचें तर शंभर-शंभर ग्रॅम आणि एक लिटर पाणी पुरे. भांडें प्लास्टिकचें किंवा मातीचें घ्यावें, लोखंडाचें नको. तयार झाल्यावर त्यांत स्वच्छ लोखंडी सुरी बुडवून पाहावी. तिच्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला असें समजावें. हें औषध फ्रान्सांतील बोर्डो प्रांतांतलें. रस्त्याकडेच्या द्राक्षांना वाटसरूंचे हात लागूं नयेत म्हणून तेथील बागवाले हें निळें पाणी शिंपीत असत, आणि नेमक्या त्याच वेली रोगांतून वांचल्या! मिलार्दे नांवाच्या अध्यापकानें हें हेरून १८८५ सालीं त्याची कृति प्रसिद्ध केली.

परसांतील इतर मंडळींचें थोडक्यांत सांगतों. मोगऱ्याच्या कळ्या पावसानें तपकिरी होऊन गळाल्या. टोमॅटोंनीं कोरड्या जमिनींत राहून एकदम पाणी प्यालें आणि ते तडकले. अळू मात्र असा माजला कीं जेठा महिना लागण्याआधींच आमच्याकडे दोनदां अळवड्या झाल्या. गच्चीवरच्या कुंड्यांखालच्या बशा आम्हीं वेळेवर काढल्या, म्हणून तीं रोपें तगलीं. आणि हें डोकें खालीं परसांत कां चाललें नाहीं, असें घरांतील मंडळी विचारतात.

कुंपणाशींची लिंबोणी मात्र जशीच्या तशी. तिला आळें नव्हतें, पाचट नव्हतें. पाऊस आला तसा उंचवट्यावरून वाहून गेला.

न्हाणीघराजवळच्या झाडाची पूर्वेकडची मोठी फांदी आषाढांत वाळली ती कापावी लागली. दुसऱ्या अंगास भाद्रपदांत पालवी फुटली. ती टिकेल कीं नाहीं याची शंका दिवाळीपर्यंत गेली नव्हती, आणि निळ्या बुंध्याचें तें अर्धें झाड पाहून येणाराजाणारा हा रंग कोणीं दिला म्हणून विचारी. त्या वर्षीं लोणचें घातलें तें कुंपणाशींच्या लिंबांचें. आत्यांनीं फोड तोंडांत टाकली, थोडा वेळ कांहींच बोलल्या नाहींत, आणि मग मीठ जरा कमी पडलें आहे, एवढेंच म्हणाल्या.