ठाण्याच्या किल्ल्यातील गाणारा मोतद्दार

गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांच्या १८१५ मधील खुनाच्या आरोपावरून त्रिंबकजी डेंगळे यांस इंग्रजांनी ठाण्याच्या किल्ल्यात कैदेत ठेविले. एतद्देशीय शिपाई फितूर होतील, या भयाने पहारा केवळ गोऱ्यांचा होता. अशा ठिकाणी एका गोऱ्या अधिकाऱ्याच्या चाकरीस राहिलेला मराठा मोतद्दार, घोड्यास खरारा करीत, बंदिवानाच्या खिडकीखाली गाणी म्हणे. सुटकेचा बेत त्या गाण्यांतच असे, अशी हकीकत प्रसिद्ध आहे. पहारेकऱ्यांस मराठी अवगत नसल्याने, उघड गायिलेले गुपित गुप्तच राहिले. १२ सप्टेंबर १८१६ रोजी त्रिंबकजी निसटले. फितुरी टाळण्याची योजनाच संदेशास वाट देणारी ठरली. बिशप हेबर यांच्या १८२८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रवासवृत्तात या गाण्याचे इंग्रजी पद्य आढळते. मूळ मराठी शब्दांचा पुरावा म्हणून मात्र ते ग्राह्य धरता येत नाही.