द्वारकेच्या कोंडीत पाठ सांभाळा! 🏍️

मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुणे रोड जिथे भेटतात, त्या नाशिकच्या द्वारका चौकात कोंडीत अडकलात की स्वतःकडे एकदा बघा. खांदे पुढे, कंबर गोल, मान मोबाईलवर झुकलेली! आपलं डोकं साधारण ५ किलोचं. मान जितकी पुढे झुकते, तितका स्नायूंवरचा ताण वाढतो.

कंबर वाकवून बसलं की मणक्यांमधल्या चकत्यांवर ताठ उभं राहण्यापेक्षा जास्त दाब येतो.

आजपासून एवढं करा:
✅ गाडीवर बसताना मागच्या खिशातलं पाकीट काढा
✅ खांदे सैल, कोपर किंचित वाकलेले
✅ खुर्चीत कंबरेमागे टॉवेलची गुंडाळी, पाय जमिनीवर टेकलेले
✅ दर अर्ध्या तासाने उठून दोन मिनिटं चाला
✅ पिंप, गोणी उचलताना गुडघ्यात वाका, वजन अंगाजवळ धरा

एकच 'योग्य' बैठक दिवसभर धरून ठेवू नका. बैठक बदलत राहणं महत्त्वाचं. पाठीसाठी योगही करून बघा, आपल्या नाशिकला त्याची मोठी परंपरा आहे. योग विद्या धामचे विश्वास मंडलिक यांना २०१८ मध्ये पंतप्रधान योग पुरस्कार मिळाला. जवळच्या वर्गात भुजंगासन, मार्जारासन नीट शिकून घ्या.

⚠️ पायात मुंग्या, बधिरपणा किंवा अशक्तपणा असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. लघवी-शौचावरचा ताबा सुटला तर ताबडतोब रुग्णालय गाठा.

#नाशिक #द्वारका #पाठदुखी