मॉडेममधला कोश

अमेरिकेतील एओएल कंपनीने ३० सप्टेंबर २०२५ रोजी आपली डायल-अप सेवा बंद केली. त्या निमित्ताने टेलिफोनच्या तारेवरील इंटरनेटचा संथपणा पुन्हा आठवला गेला असला, तरी त्या तारेतून अधिक मजकूर नेण्यासाठी वापरले गेलेले गणित स्मरणात राहण्याजोगे आहे.

बोलण्यासाठी बांधलेल्या टेलिफोन यंत्रणेत सुमारे ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच कंप्रतांचा पट्टा मिळतो, आणि त्यामुळे मॉडेमचा तारेवरील वेग सेकंदाला ५६ हजार बिटांपुढे कधीच गेला नाही. तरीही २८,८०० बिट वेगाच्या मॉडेमच्या जाहिरातींत १,१५,२०० हा आकडा झळके. तो मूळ वेगाच्या बरोबर चौपट असे, कारण १९९० च्या ‘व्ही.४२ बिस’ या मानकातील डेटा कॉम्प्रेशनमुळे, म्हणजे माहितीच्या संक्षेपणामुळे, मजकूर एक चतुर्थांश होईल असे गृहीत धरलेले असे.

या मानकाचा पाया अब्राहम लेम्पेल आणि जेकब झिव्ह या इस्रायली संशोधकांनी १९७८ साली मांडलेल्या पद्धतीत आहे. पाठवणारा मॉडेम पुन्हा पुन्हा येणाऱ्या अक्षरसमूहांचा कोश तयार करतो आणि तोच समूह पुढे आला की केवळ त्याचा क्रमांक पाठवतो. यातील खरे सौंदर्य असे की हा कोश तारेवरून कधीच पाठवावा लागत नाही, कारण आलेल्या क्रमांकांवरून पलीकडचा मॉडेमही तंतोतंत तोच कोश रचत जातो. एक बिट जरी बिघडला तरी दोन्ही कोशांचा मेळ तुटतो, म्हणून चुका दुरुस्त करणारे ‘व्ही.४२’ हे मानक त्याच्या जोडीला अपरिहार्य ठरते.

एक लाख बाइटांचा, म्हणजे आठ लाख बिटांचा मजकूर ५० हजारांच्या वेगाने जाण्यास १६ सेकंद लागतात. तो संक्षेपाने निम्मा झाला, तर आठच. परंतु वेबपृष्ठांचा मोठा भार चित्रांचा असे, आणि जीआयएफ, जेपीईजी किंवा झिप फायली आधीच संक्षिप्त असल्याने त्यांत मॉडेमला पिळून काढण्याजोगी पुनरावृत्ती उरत नसे. ‘एमएनपी ५’ या जुन्या पद्धतीत तर अशा फायली उलट फुगत, ‘व्ही.४२ बिस’ निदान फायदा नाही हे ओळखून संक्षेपण थांबवी. त्यामुळे चौपट वेगाचा तो आकडा पुनरावृत्तीने भरलेल्या मजकुरापुरता खरा होता आणि सर्वसाधारण वेग म्हणून तो छापणे दिशाभूल करणारेच होते.

लेम्पेल आणि झिव्ह दोघेही २०२३ साली निवर्तले. त्यांच्या १९७७ च्या पद्धतीवर झिप फायली आणि पीएनजी चित्रे आजही चालतात.